दिसतंय म्हणजे आपलंच का? कॅम्पमधला तारपा आणि लग्नचौक

बोईसरहून बोलतोय. हेडफोन लावून लोकलमध्ये उभे असाल, तारापूर एमआयडीसीच्या शिफ्टला निघाला असाल, किंवा आमच्यासारखे लॅपटॉपसमोर बसला असाल, तर पुढची दहा मिनिटं मला द्या. आजचा विषय आपल्या अंगणातला आहे, पण आपण त्याबद्दल कधी बोलत नाही.

पाऊस संपला की आपल्या जिल्ह्यात कॅम्पचा सीझन सुरू होतो. मनोर, विक्रमगड, जव्हार, डहाणू, सगळीकडे मुंबई-ठाण्याच्या शाळांच्या बस दिसायला लागतात. निसर्ग शिबिर, साहस शिबिर, कंपन्यांचं टीम आउटिंग, नावं वेगवेगळी. टाइमटेबल मात्र बहुतेक ठिकाणी सारखंच: सकाळी ट्रेक, दुपारी ‘वारली पेंटिंग’, रात्री शेकोटी आणि ‘ट्रायबल डान्स’. मुलं खुश, पालक खुश, रील तयार.

आता यात वाईट काय? मुलं मातीत आली, झाडं पाहिली, आदिवासी कला पाहिली. चांगलंच आहे की! खरंय, बरंचसं चांगलंच आहे. माझा प्रश्न त्यातल्या एका छोट्या तुकड्याबद्दल आहे. जे लोकांच्या देवाधर्माचं आहे, ते ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणून वापरायचं की नाही, हे ठरवतं कोण?

उदाहरणच घेऊ. वारली चित्र म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येतात त्रिकोणाची माणसं आणि गोल फिरणारा नाच. पण या चित्रांचं मूळ लग्नघरात आहे. लग्न ठरलं की घराच्या भिंतीवर गेरू लावून, तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक लिहितात. हो, चौक काढत नाहीत, लिहितात. आत पालघाट देवी असते, बाजूच्या छोट्या चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. धवलेरी गाणी म्हणते, विधी करते. हा चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे ती भिंत सजवलेली नसते. तिथे देवी बोलावलेली असते.

मागच्या एका कंपनीत असताना आमचं टीम आउटिंग अशाच एका कॅम्पवर होतं. दुपारच्या सेशनला प्रत्येकाला छापील कागद दिला. त्यावर चौकाची नक्षीदार चौकट होती आणि मध्ये रिकामी जागा. सूचना अशी, की मधोमध आपल्या टीमचा लोगो काढा. चाळीस मिनिटं, बेस्ट टीमला चॉकलेट. ज्या जागी देवी बसते तिथे आमच्या प्रॉडक्टचा लोगो! कॅम्पवाल्यांच्या मनात अपमान करायचं होतं असं मला वाटत नाही. ती जागा कोणाची आहे हे त्यांना माहीत नव्हतं आणि विचारावंसंही वाटलं नाही.

आता या लग्नाची किंमत काय होती, ते ऐका. स्वातंत्र्याच्या आधी आपल्या याच भागात, डहाणू-तलासरी-उंबरगावच्या पट्ट्यात, ‘लग्नगडी’ नावाची पद्धत होती. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फेडायला नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. वर्षानुवर्षं. ती वेठ मोडायला १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची मोठी परिषद झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यात होते. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिलं, त्यात हे सगळं आहे. ज्या लग्नासाठी माणसांनी स्वतःला गहाण टाकलं, त्या लग्नाचा चौक आपण चाळीस मिनिटांत चॉकलेटसाठी रंगवतो. इथे थोडं थांबावं, एवढंच म्हणणं आहे.

तारप्याचंही तसंच. सुकवलेल्या दुधी भोपळ्याचं, बांबूचं, ताडाच्या पानांचं हे वाद्य. वाजवणारा श्वास तुटू देत नाही. त्याचा सूर बदलला की नाचणाऱ्यांची दिशा बदलते. तो मध्ये, बाकीचे त्याच्याभोवती. हा नाच सुगीचा आहे. भात तयार झाल्याचा आनंद त्यात आहे, आणि ज्या देवांनी ते पिकवलं त्यांची आठवणही आहे. आमच्या त्या कॅम्पवर तारपेवाले काका डीजे संपायची वाट बघत तासभर कोपऱ्यात बसले होते. मग त्यांना वीस मिनिटं मिळाली. वाद्याचं नाव कोणी सांगितलं नाही. काकांचं तर नाहीच.

आता तुमच्यातले काही म्हणतील, अरे, पण काकांना पैसे मिळाले ना? कला टिकते ना? हा मुद्दा मला मान्य आहे. वारली चित्र भिंतीवरून कागदावर आलं ते वारल्यांनीच आणलं. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकापासून कागदावर, कापडावर चित्रं काढली, जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्यामुळे आज कितीतरी घरं चित्रांवर चालतात. मशेंनी शेत, मासेमारी, गोष्टी, मुंग्या, जाळी असं सगळं जग कागदावर उतरवलं. काय बाहेर न्यायचं हे वारली कलाकारांनी स्वतः ठरवलं. म्हणून विकणं हा प्रॉब्लेम नाही. प्रॉब्लेम आहे दुसऱ्याने परस्पर ठरवण्याचा.

आपल्या फील्डमधलं सांगतो, म्हणजे पटेल. गिटहबवर एखादा कोड सगळ्यांना दिसतो. पण त्यासोबत लायसन्स नसेल, तर तो उचलून आपल्या प्रॉडक्टमध्ये टाकता येत नाही. हक्क लिहिणाऱ्याचेच राहतात. दिसणं आणि वापरायची परवानगी असणं, या दोन गोष्टी आहेत. हे आपल्याला पहिल्या नोकरीत शिकवतात. तारपा, चौक, वाघोबाचा दगड, हे सगळं उघड्यावर आहे, सगळ्यांना दिसतं. म्हणून ते बेवारस आहे असं नाही.

आणि उघडं आणि राखीव एकाच ठिकाणी असू शकतं. आपली डहाणूची महालक्ष्मी बघा ना. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला कोणीही या, लाखो लोक येतात. पण डोंगराच्या सुळक्यावर ध्वज लावायचा मान वाघाडी गावच्या पुजाऱ्यांचा. ‘मीही भाविक आहे, या वर्षी मी लावतो’ असं कोणी म्हणत नाही. आपल्याला हा नियम कळतो. मग चौकाच्या बाबतीत का कळू नये?

हा प्रश्न फक्त आपला नाही बरं का. अमेरिकेत शंभर वर्षांहून जास्त काळ स्काउट आणि समर कॅम्पमध्ये मुलांना पिसं लावून ‘इंडियन’ विधी करायला लावत आले. १९९३ मध्ये लाकोटा लोकांनी जाहीरनामा काढून सांगितलं, आमचे विधी विकणं थांबवा. कोलोरॅडोमधल्या ला हुंटा गावात स्काउट मुलांचा कोशारे नावाचा नाचाचा ग्रुप १९३० च्या दशकापासून होता. होपी लोकांनी आक्षेप घेतल्यावर २०१५ मध्ये त्यांना आपले हिवाळी नाच रद्द करावे लागले. त्या मुलांचाही हेतू चांगलाच होता. पण चांगला हेतू म्हणजे परवानगी नाही.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? वारली चित्रांना २०१४ मध्ये जीआय टॅग मिळाला. पण जीआय हा वस्तूंसाठीचा कायदा आहे. वारलीच्या नावाने दुसऱ्याने माल विकला तर तो कामाचा. शेकोटीभोवतीच्या नाचाला किंवा विधीला तो लागू होत नाही. दुसरा कायदा १९९६ चा पेसा. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात आणि तिथल्या ग्रामसभांना आपल्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायचा अधिकार या कायद्याने दिलाय. म्हणजे विचारायचं कोणाला, या प्रश्नाला उत्तर आहे. पत्ता आहे. गावात जा, बसा, विचारा.

विचारून केलं तर काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. २०२१ मध्ये संशोधकांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघरमधल्या वाघोबाच्या ठाण्यांचा अभ्यास छापला. दीडशेहून जास्त ठाणी नोंदवली. गावात जाऊन, वारल्यांशी बोलून. बिबट्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसांनी त्याच्याशी काय नातं जोडलंय, वाघबारस का करतात, हे त्यातून पुढे आलं. मला वाटतं, कॅम्पवरच्या मुलाला वाघाचा मुखवटा लावण्यापेक्षा ही गोष्ट कळली तर ते कितीतरी जास्त शिकेल.

मग करायचं काय? तुम्ही कॅम्प चालवत असाल, शाळेत शिक्षक असाल, किंवा ऑफिसच्या आउटिंगचं बुकिंग तुमच्याकडे असेल, तर बुकिंगआधी चार गोष्टी विचारा. एक, कार्यक्रमात काय दाखवायचं हे कलाकारांनी ठरवलंय का? दोन, त्यांना ‘हे नको’ म्हणता येतं का, आणि तसं म्हटलं तर पुढच्या वेळचं काम जातं का? तीन, पॅकेजच्या पैशातले त्यांच्या हातात किती पडतात? चार, मुलांना त्यांचं नाव, गाव, त्यांच्या वस्तूचा अर्थ त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळतो का?

आणि चौक सोडून द्या. खरंच, काही बिघडत नाही. वारली कलाकाराला बोलवा, तो शेत शिकवेल, झाड शिकवेल, जाळं टाकणारा माणूस शिकवेल. पावसाळ्यात गावातल्या मावशींना बोलवा, शेवळी कशी ओळखायची आणि खाज न येता कशी शिजवायची हे त्या दाखवतील. त्यांना शिक्षकाचं मानधन द्या, शिक्षकासारखं पुढे उभं करा. निसर्ग शिक्षण यापेक्षा वेगळं काय असतं?

शेवटचं एकच. पालघर स्टेशनपासून सरकारी इमारतींपर्यंत भिंतींवर वारली चित्रं आहेत. त्याच जिल्ह्यात बुलेट ट्रेन, एक्स्प्रेसवे, वाढवण बंदर यांच्यासाठी जमीन मागताना त्याच माणसांचं म्हणणं आपण किती ऐकलं? चित्र आवडणं सोपं आहे. चित्र काढणाऱ्याचा ‘नाही’ ऐकणं अवघड. शेकोटीजवळच्या तारप्यापासून ती सवय लागली, तर जमिनीच्या वेळीही ती उपयोगी पडेल.

चला, थांबतो. हा एपिसोड आउटिंग ठरवणाऱ्या तुमच्या मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या वेळी. काळजी घ्या.