कार्ड दवाखान्यापुरतं, पुढचं घरावर

सासूबाई अंगणात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, सोलापूरला नेऊन ऑपरेशन केलं. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात; २०२४ पासून त्याला उत्पन्नाची अट नाही. कार्ड जरूर काढा. पण ते भरती असताना चालतं, आणि नंतर फार तर १५ दिवसांच्या औषधांना. पुढचे महिने, कधी वर्षं, घरावर.

त्याचा हिशोब आपण मांडतच नाही. डायपर, औषधगोळ्या दिसतात; सुनेचा बुडालेला रोज कुणी धरत नाही. रोज ३०० धरा, महिन्यात २० खाडे झाले, तर ६००० गेले. श्रावणबाळचे, तेही पात्र ठरल्यावर, येतात १५००.

आम्ही गटात वही घातलीय: म्हातारं माणूस कोण, कार्ड निघालं का, सांभाळणार कोण, तिचा रोज भरून देणार कोण. शेवटच्या रकान्यावरून घरात भांडणं होतात. होऊ द्या! पुण्यातल्या थोरल्यालाही आकडा कळू द्या.

आणि जमीन मुलाच्या नावे करायचीच असेल, तर बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट लिहून घ्या. अट मोडली, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांतसाहेबांकडे ते रद्द करून मागता येतं. तोंडी वचन तिथं सिद्ध करणं अवघड जातं. सही-अंगठ्याआधी कागद गटातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या.