जुनी हार्ड डिस्क, नवा संगणक

झाशीच्या ज्या गणेश मंदिरात १८४२ साली लक्ष्मीबाईंचा विवाह झाला, तिथल्या उत्सवांचे, लग्नामुंजींचे फोटो इथल्या मराठी घरांत आता बऱ्याचदा जुन्या संगणकात असतात. नवा संगणक घेतला की जुना भंगारात जातो. तसं करू नका, आधी त्यातली हार्ड डिस्क काढून घ्या.

वीज पूर्ण बंद करून डिस्कची मागची बाजू बघा. ‘एल’ आकाराच्या दोन चपट्या खाचा दिसल्या, तर ती साटा डिस्क. लहान खाचेत डेटाची केबल, मोठीत विजेची. दोन्ही एकाच बाजूने बसतात, जोर लावू नका. चाळीस पिनांची रुंद पट्टी असेल, तर डिस्क जुन्या आयडीई पद्धतीची. तिला ॲडॉप्टर लागतो. नव्या लॅपटॉपला यूएसबी केसमधून जोडता येते, मात्र साडेतीन इंची डिस्कला वेगळा वीजपुरवठा हवाच.

आता सर्वांत महत्त्वाचं. पडद्यावर ‘फॉरमॅट करू का’ असा प्रश्न आला तर ‘नाही’ म्हणा. आधी सगळे फोटो, कागदपत्रं नव्या डिस्कवर उतरवून घ्या आणि चार-दोन फाइली उघडून खात्री करा. कटकट असा आवाज येत असेल, तर डिस्क पुन्हा पुन्हा चालू करू नका, जाणकाराकडे न्या.

डिस्क धडधाकट निघाली तर सिनेमे, गाणी आणि जादा प्रती ठेवायला ती उत्तम. विंडोज मात्र नव्या एसएसडीवरच राहू द्या, कारण फिरत्या तबकडीचा वेग तिच्यापुढे फारच कमी पडतो.