आप्तांचे आजारपण आणि प्रवासाचा विमा

मरोळच्या रहिवाशाला विमानाचे अप्रूप नाही. सहारचा आंतरराष्ट्रीय विमानतळ जवळच असल्यामुळे रात्रंदिवस विमानांची घरघर त्याच्या कानांवर पडतच असते. परंतु त्याच विमानात एकदा बसता यावे म्हणून वर्षानुवर्षे पैसा बाजूस टाकणारी कुटुंबेही या वस्तीत पुष्कळ आहेत. अशा कुटुंबाचा प्रवास ऐन वेळी रहित झाला, तर मनस्तापाबरोबर द्रव्याचीही मोठी हानी होते.

एक उदाहरण घेऊ. मरोळ नाक्याजवळ राहणाऱ्या एका गृहस्थाने पत्नीसह युरोपच्या सहलीला जाण्याचे ठरविले आणि ३,६०,००० रुपये भरले, असे समजा. प्रस्थानास पाच दिवस उरले असता साताऱ्याहून निरोप आला की, आईला हृदयविकाराचा झटका आला असून तिला रुग्णालयात ठेवले आहे. आता मुलाने काय करावे, याचा खल आपल्या घरांत होत नाही. तो मिळेल त्या गाडीने साताऱ्यास जातो. मात्र सहलीच्या करारानुसार भरलेल्या रकमेपैकी २,८०,००० रुपये परत मिळावयाचे नसतात. अशा वेळी घरातील कोणीतरी म्हणते, "आपण विमा उतरविला आहे ना, मग चिंता कशाची?" ही निश्चिंतता कितपत साधार आहे, हे पाहू.

प्रवास आणि विमा यांचा संबंध जुना आहे. १८४९ साली लंडनमध्ये 'रेल्वे पॅसेंजर्स अॅशुरन्स कंपनी' स्थापन झाली आणि आगगाडीच्या तिकिटाबरोबर अपघाताचा विमा विकू लागली. त्यानंतर चारच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी धावली. आपल्या रेल्वेनेही २०१६ सालापासून संगणकावर काढलेल्या तिकिटाबरोबर काही पैशांच्या हप्त्यात विमा देऊ केला आहे. अपघाती मृत्यू आल्यास त्यात १० लाख रुपये मिळतात. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. परंतु पहिला विमा गाडीच्या अपघातासाठी आहे आणि दुसरा परदेशात प्रवाशावर येणाऱ्या संकटासाठी. घरी आई आजारी पडली म्हणून तिकीट रहित केले, तर या दोहोंपैकी एकाचाही उपयोग नाही. त्यासाठी विमापत्रात 'प्रवास रहित होणे' हे निराळे कलम असावे लागते. प्रस्थान झाल्यावर मध्येच परतावे लागले, तर त्याचे कलमही बहुधा वेगळेच असते.

असे कलम असले, तरी त्यातील दोन शब्द नीट वाचले पाहिजेत. पहिला शब्द 'निकटचे कुटुंबीय'. पती, पत्नी, मुले व आईवडील यांचा त्यात बहुधा समावेश असतो. भावंडे व सासूसासरे काही विमापत्रांत असतात, काहींत नसतात. काही ठिकाणी तर बरोबर प्रवास करणाऱ्याचेच आजारपण मोजले जाते. आपल्याकडे ज्या आत्येने लहानाचे मोठे केले, ज्या काकांनी शिक्षणाचा भार उचलला, ती माणसे आईवडिलांच्याच ठिकाणी असतात. त्यांच्या आजारात पाठ फिरविणे कोणास शक्य नाही. पण विमापत्राच्या व्याख्येत आत्या नसेल, तर तिच्या उशाशी बसणाऱ्या भाच्यास एक रुपयाही मिळत नाही.

दुसरा शब्द 'आजार'. वैद्याने विश्रांती सांगितली, एवढ्याने बहुतेक विमापत्रांचे समाधान होत नाही. आजार अकस्मात उद्भवलेला असावा आणि त्यासाठी रुग्णालयात राहावे लागलेले असावे, अशी अट सामान्यतः असते. विमा घेण्यापूर्वीच जडलेला विकार बहुधा वगळलेला असतो. साताऱ्याच्या आईचे मूत्रपिंड दोन वर्षांपासून निकामी असेल आणि त्याच विकाराने तिला पुन्हा रुग्णालयात न्यावे लागले, तर भरपाई नाकारली जाण्याचा संभव मोठा. हे निष्ठुरपणाचे वाटेल. पण विमा हा अनिश्चित संकटाचाच असतो. घराला आग लागल्यावर आगीचा विमा कोणी देत नाही. म्हणूनच विमा घेताना काही लपवू नये. विमा घेणारा आणि देणारा या दोघांनीही पूर्ण सचोटीने वागावे, हे या व्यवहाराचे मूळ तत्त्वच आहे.

आता रकमेकडे वळू. विमाकंपनी सहलीचा सारा खर्च देत नाही. जो भाग अन्य कोणाकडून परत मिळत नाही तेवढाच, आणि तोही विमापत्रातील मर्यादेपर्यंत. आपल्या उदाहरणात ही मर्यादा माणशी ७५,००० रुपये असेल, तर दोघांचे मिळून १,५०,००० येतील आणि १,३०,००० पदरचे जातील. विमान तिकीट 'परतावा नाही' या अटीचे असले, तरी सरकारी कर व विमानतळाचे शुल्क परत करावे, असा नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. ही रक्कम मागून घ्यावी.

प्रसंग ओढवलाच, तर आधी आजाऱ्याची व्यवस्था पाहावी. पण त्याच दिवशी घरातील दुसऱ्या कोणीतरी तिकिटे रहित करून विमाकंपनीस कळवावे. दिवस लोटतात तसे कापले जाणारे पैसे वाढतात आणि त्या वाढीचा भार कंपनी सहसा उचलत नाही. रुग्णालयाची कागदपत्रे, वैद्याचा दाखला, आजाऱ्याशी असलेल्या नात्याचा पुरावा आणि पैसे कापल्याची पावती जपून ठेवावी. मागणी अन्यायाने नाकारली असे वाटल्यास प्रथम कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर न आल्यास, अथवा आलेले उत्तर न पटल्यास, वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जातात. लोकपालाने दिलेला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

ज्या घरी वृद्ध माणूस दीर्घकाळ रुग्णशय्येवर आहे, त्यांनी केवळ विम्यावर विसंबू नये. थोडे अधिक पैसे देऊन परत करता येणारे तिकीट घ्यावे, हेच त्यांच्यासाठी अधिक खात्रीचे. इतरांनी पैसे भरतील त्याच दिवशी विमा उतरवावा, कारण रहित होण्याची जोखीम त्याच दिवशी सुरू होते.

आणि सही करण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर, ज्यांच्या आजारपणाची वार्ता येताच आपण विमानतळावरूनही मागे फिरू अशा माणसांची नावे लिहावी. मग विमापत्रातील 'निकटचे कुटुंबीय' ही व्याख्या त्या यादीशेजारी ठेवून वाचावी. व्याख्येत न बसणारी जी नावे उरतील, त्यांच्यासाठी लागणारी रक्कम आधीच बाजूस काढून ठेवावी. म्हणजे त्यांच्यापैकी कोणाचा निरोप आल्यास निघताना पैशाचा विचार आड येणार नाही.