बंद दार आणि चालतं घड्याळ

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



वसंत व्याख्यानांची ही परंपरा पुण्यात 1875 साली सुरू झाली, ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने. रानडे व्यवसायाने न्यायाधीश होते. न्यायाधीशाच्या हातून लागलेल्या या रोपट्याखाली बसून, ऐन मे महिन्यात, न्यायालयाच्या सुट्टीबद्दल बोलावं असं मला वाटलं. या दिवसांत आमची दिवाणी न्यायालयं सुट्टीवर असतात. आवारातल्या टायपिस्टांची टेबलं उलटी करून ठेवलेली असतात, चहाची टपरी बंद असते. आणि नेमका याच दिवसांत पक्षकारांचा एक प्रश्न मला वर्षानुवर्षं येतो : "साहेब, माझी मुदत संपतेय आणि कोर्टाला तर सुट्टी. आता माझं काय?"

या एका प्रश्नाचं नीट उत्तर देणं हाच आजच्या व्याख्यानाचा विषय.

आधी मुदत म्हणजे काय ते पाहू. आपला मुदतीचा कायदा 1963 सालचा, 1 जानेवारी 1964 पासून लागू झालेला. त्याचं कलम 3 फार कडक आहे. मुदत टळून गेल्यावर दावा आला, तर समोरच्याने तक्रार केली नाही तरी न्यायालयाने तो फेटाळायचाच. समोरचा गप्प बसला म्हणून मुदत वाढत नाही. प्रॉमिसरी नोटेवरच्या पैशासाठी तीन वर्षं, जमिनीच्या मालकीवरून ताबा मागायला बारा वर्षं, दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला तीस दिवस. हे आकडे म्हणजे हक्काभोवतीचं कुंपण आहे.

हे दिवस मोजायचे कसे? निकालाचा दिवस धरायचा नाही, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून एक, दोन, तीन. आणि मोजणी इंग्रजी कॅलेंडरने. कलम 24 तसं सांगतं. नोटेवर चैत्र शुद्ध प्रतिपदा लिहिलेली असो, अधिक मास आलेला असो, कायद्याचा महिना जानेवारी-फेब्रुवारीचाच.

आता एक हिशेब माझ्याबरोबर करा. समजा, निकाल 2 एप्रिल 2025 ला लागला. 3 एप्रिल हा पहिला दिवस, तर तिसावा दिवस येतो 2 मे. या तीस दिवसांत चार रविवार आले. दुसरा आणि चौथा शनिवार आला. महावीर जयंती, आंबेडकर जयंती, गुड फ्रायडे आणि महाराष्ट्र दिन हे चार दिवस आले. म्हणजे तीसपैकी दहा दिवस न्यायालय बंद. मग पक्षकाराला दहा दिवस वाढवून मिळतात का? नाही. मधल्या सुट्ट्या मुदतीतच जातात. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की मी तो दरवर्षी नव्याने दूर करतो. कामकाजाचे दिवस आणि मुदतीचे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायालय सुट्टी घेतं, घड्याळ घेत नाही.

पण निकाल एक दिवस आधी, 1 एप्रिलला लागला असता तर? तिसावा दिवस आला असता 1 मे, महाराष्ट्र दिन. दार बंद. इथे कलम 4 धावून येतं. मुदतीचा शेवटचा दिवस न्यायालय बंद असेल त्या दिवशी आला, तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दावा, अपील किंवा अर्ज दाखल करता येतो. म्हणजे याचीही अखेर 2 मे. आणि याच कलमाच्या स्पष्टीकरणात एक मोलाची गोष्ट आहे : नेहमीच्या कामकाजाच्या वेळेतला काही भाग जरी न्यायालय बंद राहिलं, तरी तो दिवस बंदच समजायचा. दुपारी दोनला शोकसभेमुळे कार्यालय बंद झालं, नदीचं पाणी आवारात शिरलं म्हणून कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं, तर पूर्ण दिवस पक्षकाराच्या पदरात.

हीच भावना 1897 च्या जनरल क्लॉजेस अॅक्टच्या कलम 10 मध्ये आहे. मुदतीचा कायदा जिथे लागू होत नाही, अशा न्यायालयीन आणि सरकारी कचेऱ्यांतल्या कामांना ते कलम आधार देतं. या सगळ्यामागे जुनं न्यायतत्त्व आहे : कायदा अशक्य गोष्टीची सक्ती करत नाही. दार मी लावून घेतलं असेल, तर आत आला नाहीस म्हणून तुला शिक्षा करणार नाही. राज्याने नागरिकाला दिलेला हा शब्द आहे. मी तो फार आदराने वाचतो.

मात्र या शब्दाची मर्यादाही कळली पाहिजे. प्रिव्ही कौन्सिलने 1935 साली मकबूल अहमद यांच्या प्रकरणात ती स्पष्ट केली. कलम 4 मुदत लांबवत नाही. मुदत तिच्या ठरल्या दिवशी संपते. फक्त कागद ठेवायला उघडण्याचा दिवस मिळतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की, समजा नोटेची तीन वर्षं मे महिन्याच्या सुट्टीत संपली आणि त्यानंतर ऋणकोने "मी देणं लागतो" असं लिहून दिलं, तर त्या लिहून देण्याने नवी तीन वर्षं सुरू होत नाहीत. कबुली मूळ मुदतीच्या आतच यावी लागते.

आणि उघडण्याचा दिवस म्हणजे तोच दिवस. दुसरा नाही. ही गोष्ट मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. वकिलीच्या पहिल्या वर्षी, सुट्टी संपून न्यायालय उघडलं त्या संध्याकाळी, एक विधवा बाई नोट घेऊन कार्यालयात आल्या. नवऱ्याने गावातल्या एकाला दिलेले पैसे होते. तीन वर्षं सुट्टीत संपली होती. कार्यालयाची वेळ टळली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दावा ठेवला. विलंब एका दिवसाचा. मला वाटलं, विलंब माफीचा अर्ज देऊ. तेव्हा कळलं की विलंब माफ करणारं कलम 5 अपिलांना आणि अर्जांना लागू आहे, दाव्याला नाही. दावा गेला. त्या बाई मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. आपल्याला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर आलो असतो, एवढंच म्हणाल्या. हे वेळेवर सांगणं तेव्हापासून मी माझं काम मानतो. आज इथे उभा आहे तोही त्याचसाठी.

अपिलात थोडा दिलासा जास्त आहे. निकालाची नक्कल मिळवायला लागलेले दिवस कलम 12 प्रमाणे वगळता येतात. नकलेवर अर्ज केल्याची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख असते. त्या शिक्क्यांवर अपिलाचं आयुष्य अवलंबून असतं. म्हणून निकाल लागला की त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज द्या. अर्ज द्यायलाच उशीर केला तर तो उशीर वगळला जात नाही. तसंच, न्यायालय उघडं होतं पण तुमच्या गावचा पूल पाण्याखाली होता, असं झालं तर कलम 4 मदतीला येणार नाही. तिथे कलम 5 प्रमाणे पुरेसं कारण दाखवावं लागेल. दार बंद असणं आणि वाट बंद असणं यांत कायदा फरक करतो.

कोणतं दार, हेही पाहावं लागतं. राज्य सरकारी कचेऱ्यांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. म्हणजे प्रांत कार्यालय प्रत्येक शनिवारी बंद. पण तालुक्याचं दिवाणी न्यायालय दुसरा आणि चौथा शनिवार सोडला तर उघडं. फेरफाराच्या अपिलाची अखेर पहिल्या शनिवारी आली तर सोमवार मिळेल, दिवाणी दाव्याची आली तर मिळणार नाही. सुट्टी जाहीर झालेली बदलतेही. 2024 साली मुंबईत ईद-ए-मिलादची सुट्टी 16 सप्टेंबरवरून 18 सप्टेंबरला नेली गेली. म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर विसंबू नका. ज्या न्यायालयात जायचं त्याच न्यायालयाची सुट्ट्यांची यादी पाहा.

सुट्टीबद्दल माझा रोष नाही, हेही सांगतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं लढा दिला आणि 1890 साली ती मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, असंही त्यांचं म्हणणं होतं. विश्रांतीचा दिवस कष्टाने मिळवलेला आहे. न्यायाधीशाला आणि कारकुनालाही तो हवाच. माझा मुद्दा एवढाच की त्या विश्रांतीचा भार दारात उभ्या असलेल्या माणसावर पडता कामा नये.

आता दुसरी बाजू पाहा, म्हणजे हे तत्त्व किती खोल आहे ते कळेल. आतापर्यंत आपण नागरिकाला मिळालेल्या वेळेबद्दल बोललो. पण जिथे वेळेचं बंधन राज्यावर आहे, तिथे सुट्टीचं काय? संविधानाच्या अनुच्छेद 22 प्रमाणे अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. शनिवारी रात्री अटक झाली म्हणून सोमवारची वाट पाहता येत नाही. त्यासाठी रविवारीही सुट्टीचं न्यायालय असतं, दंडाधिकारी नेमलेले असतात. गरज पडली तर उच्च न्यायालयही रविवारी बसतं. 22 जानेवारी 2024 ची राज्य सरकारची सार्वजनिक सुट्टी योग्य की नाही, या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने आदल्या दिवशी, रविवारी, खास सुनावणी घेतली आणि ती फेटाळली.

तसंच दोषारोपपत्राचं. गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत तपास संपवून पोलिसांनी दोषारोपपत्र दिलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. ही तरतूद 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 मध्ये आहे. साठावा दिवस रविवारी आला म्हणून पोलिसांना सोमवार मिळत नाही, असं अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलं आहे. मोजणीही पाहा. मुदतीच्या कायद्यात पहिला दिवस सोडतात. इथे कोठडी दिल्याचा दिवस धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये ठरवलं. नागरिकाच्या हक्काचा दिवस सोडायचा आणि नागरिकाच्या कोठडीचा दिवस धरायचा. दोन्हीकडे कौल नागरिकाच्या बाजूने.

करोनाच्या काळात याची कसोटी लागली. 23 मार्च 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन देशभरातल्या मुदती थांबवल्या, आणि शेवटी 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा सगळा काळ मोजणीतून वगळला. तेव्हा प्रश्न आला की पोलिसांच्या साठ दिवसांनाही ही सवलत आहे का. जून 2020 मध्ये एस. कासी यांच्या प्रकरणात उत्तर मिळालं : नाही. टाळेबंदी असली तरी माणसाचं स्वातंत्र्य टाळेबंद होत नाही, हा त्या निकालाचा आशय मी माझ्या शब्दांत सांगतो.

इतकं सुसंगत तत्त्व असताना एका ठिकाणी मात्र भिंतीला भोक राहिलं आहे. लवादाचा निवाडा रद्द करून घ्यायला तीन महिने मिळतात, आणि पुरेसं कारण असेल तर वरचे तीस दिवस, त्यापलीकडे एकही नाही. आसामच्या नागरी पाणीपुरवठा मंडळाला निवाडे 26 ऑगस्ट 2003 ला मिळाले. तीन महिने 26 नोव्हेंबरला संपले. वरचे तीस दिवस 26 डिसेंबरला. न्यायालय 25 डिसेंबर ते 1 जानेवारी बंद. मंडळाने उघडण्याच्या दिवशी, 2 जानेवारी 2004 ला अर्ज दिले. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली सांगितलं की कलम 4 मधली "विहित मुदत" म्हणजे फक्त ते तीन महिने. वरच्या तीस दिवसांना सुट्टीचं संरक्षण नाही. अर्ज मुदतबाह्य. जानेवारी 2025 मध्येही हीच भूमिका कायम राहिली, पण ती घेताना या कठोरपणाबद्दलची अस्वस्थता न्यायालयाने नोंदवली.

शब्दांच्या अर्थाने तो निकाल बरोबर असेल. पण 26 डिसेंबरला दार कुणी लावलं होतं? त्या मंडळाने नव्हे. उशीर झाला म्हणून कारण मागा, खर्च लावा. पण जो दिवस कायद्यानेच दिला आणि राज्यानेच बंद ठेवला, तो दिवस माणसाच्या खात्यातून कापू नका. संसदेने एका ओळीची दुरुस्ती केली तर पुरे : मूळ मुदत असो वा वाढीव, अखेरचा दिवस बंद असेल तर उघडण्याचा दिवस मिळेल. ही मागणी वकिलांनी करायचीच, पण तुम्हीही करा. पक्षकार तुम्ही आहात.

दुरुस्ती होईल तेव्हा होईल. तोवर घरी गेल्यावर आपल्या कागदांची पिशवी उघडा. निकालाची तारीख, नकलेच्या तारखा आणि शेवटचा दिवस एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. तो शेवटचा दिवस या सुट्टीत येत असेल, तर वकिलाकडे आजच जा, कागद तयार ठेवा, शिक्के आणि सह्या आटोपून घ्या. आणि जूनमध्ये न्यायालय उघडेल, त्या सकाळी दार उघडायच्या आधी तिथे पोहोचा. तो एक दिवस तुमचा आहे, दुसरा नाही.