जव्हार-दर्शन आणि प्राथमिक शाळा
(जव्हार व मोखाडा भागातील प्राथमिक शिक्षकांपुढील व्याख्यान)



इतिहासाच्या तासाला रायगड, पानिपत, दिल्ली ही नावे ज्या मुलाच्या कानांवर पडतात, त्याच्या मनात नकळत एक समज रुजत असतो. तो असा की, इतिहास नावाची गोष्ट कोठे तरी दूर घडली, मोठ्या माणसांच्या मोठ्या गावी घडली. आपला पाडा, आपले रान आणि आपली माणसे यांचा तिच्याशी काही संबंध नाही. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागातील शाळांत हा समज अधिकच घट्ट होतो. येथील विद्यार्थी बहुधा वारली, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा कुटुंबांतले. आणि क्रमिक पुस्तकात त्यांच्या पूर्वजांची ओळख क्वचितच होते. आपल्याला इतिहास नाही असे ज्या मुलाला वाटू लागते, त्याला हळूहळू आपल्याला भविष्यही नाही असे वाटू लागण्याचा धोका असतो. म्हणून हा विषय केवळ सहलीचा नाही.

वस्तुस्थिती या समजाच्या अगदी उलट आहे. मोखाड्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेले जव्हार हे सहाशे वर्षांहून अधिक काळ एका आदिवासी राजघराण्याची राजधानी होते. महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याने येथे राज्य केले, आणि १९४८ साली हे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. असे शहर उशाशी असताना शाळेची सहल मात्र मुंबईस किंवा एखाद्या तीर्थक्षेत्री जाते. त्यात गैर काही नाही. समुद्र पाहणे, आगगाडी पाहणे हेही शिक्षणच होय. परंतु जव्हार म्हणजे बाजाराचा, तहसील कचेरीचा आणि दवाखान्याचा गाव, एवढीच ओळख मुलाजवळ राहावी, ही मोठी उणीव आहे. बापाबरोबर तो तेथे दहा वेळा गेलेला असतो. पण जाणे निराळे आणि पाहणे निराळे. पाहण्यास शिकवणारा कोणी तरी बरोबर असावा लागतो, आणि या भागात तो बहुधा शिक्षकच असतो.

ऐतिहासिक स्थळी गेल्यावर मुलापुढे तीन प्रकारची सामग्री येते : कानांवर येणारी कथा, कागदावर राहिलेली नोंद आणि डोळ्यांपुढे उभी असलेली वस्तू. या तिघींची गल्लत होऊ न देणे आणि तिघींचाही मान राखणे, हे स्थळदर्शनाचे मुख्य सूत्र समजावे. जव्हारमध्ये या तिन्ही गोष्टी मुबलक आहेत.

प्रथम कथा घ्यावी. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जव्हारच्या स्थापनेची कोळी लोकांत चालत आलेली हकिगत दिली आहे. थळ घाटाजवळील मुकणे येथे गढी असलेला पौपेरा, ज्याला जयबा म्हणूनही ओळखतात, हा दूर काठेवाडापर्यंत जाऊन सात वर्षांनी परतला. त्या वेळी जव्हार एका वारली नायकाच्या ताब्यात होते. एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन जयबाने त्याच्याकडे मागितली आणि नायकाने ती दिली. मग कातड्याच्या बारीक वाद्या कापून जयबाने साऱ्या जव्हारच्या कोटालाच वेढा घातला. वारली नायकाने त्याचे वर्चस्व मान्य केले, आणि जयबाने त्याला गंभीरगडाभोवतीचा मुलूख दिला.

ही कथा सांगताना शिक्षकाने सावध असावे. वर्गात कोळ्यांची मुले असतात, तशी वारल्यांचीही असतात. एखादा वारली मुलगा सहज विचारील, “म्हणजे आमचा राजा फसला काय, गुरुजी?” हा प्रश्न हसण्यावारी नेता कामा नये. त्याचे उत्तर तीन पायऱ्यांनी देता येते. पहिली पायरी ही की, हीच कथा हजारो कोसांवर, आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील कार्थेज या प्राचीन नगरीविषयीही सांगतात. तेथे कातडे कापणारी डिडो नावाची राणी आहे. जी गोष्ट दोन खंडांत सांगितली जाते, तिचा शब्द न शब्द घडला असेल असे मानण्याचे कारण नाही. जमीन एका हातून दुसऱ्या हाती कशी गेली, हे सांगण्याची ती लोकांची एक रीत आहे. दुसरी पायरी ही की, या कथेच्या पोटात एक मोलाची आठवण दडलेली आहे : मुकणे घराण्याच्या आधी जव्हार वारली नायकांचे होते. वारली मुलाने या गावात परका म्हणून पाऊल टाकण्याचे कारण नाही. तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. ही हकिगत कोळ्यांची म्हणून नोंदलेली आहे; वारल्यांनी सांगितली असती तर तिचे रूप कदाचित वेगळे असते. म्हणून मुलांना घरी पाठवून आजा-आजीला विचारावयास सांगावे. कोणी काही सांगेल, कोणी सांगणार नाही. परंतु एकाच घटनेला दोन तोंडे असू शकतात, हे कळणे म्हणजेच इतिहासाचा श्रीगणेशा होय.

कथेनंतर नोंद. जयबाचा पुत्र निमशाह याला दिल्लीच्या बादशहाकडून राजेपणाची मान्यता मिळाली. ती ५ जून १३४३ रोजी मिळाली असे मानतात, आणि त्या दिवसापासून जव्हारने आपली स्वतंत्र कालगणना सुरू केली. गॅझेटियर लिहिले गेले त्या काळी, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षांनंतरही, संस्थानच्या सरकारी कागदांत ती चालू होती. निमशाहाच्या अमलाखाली बावीस किल्ले होते असेही त्या ग्रंथात म्हटले आहे. शालिवाहन शक आणि इसवी सन मुलांना ठाऊक असतात. आपल्या मुलखाचाही एके काळी स्वतःचा सन होता, हे ऐकून त्यांचे डोळे विस्फारतील. गणिताच्या तासाला प्रत्येकाने आपल्या जन्मसालातून १३४३ वजा करावे. जव्हारच्या राज्यमान्यतेनंतर किती वर्षांनी आपला जन्म झाला, हे त्याचे त्यालाच उमगेल. एका वजाबाकीत इतिहास आणि गणित दोन्ही साधतात.

तिसरे उदाहरण शिरपामाळाचे. चौथीच्या वर्गात शिवचरित्र शिकवले जाते, आणि जानेवारी १६६४ मधील सुरतेची स्वारी मुलांना माहीत असते. त्या स्वारीस जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम जव्हारजवळच्या या माळावर पडला, राजे विक्रमशाह यांनी त्यांचा सन्मान करून शिरपेच अर्पण केला आणि त्यावरून माळाला शिरपामाळ हे नाव पडले, अशी येथील परंपरा आहे. या माळावर उभे राहून शिक्षकाने उत्तर-वायव्येकडे हात करावा आणि सुरतेची दिशा दाखवावी. पुस्तकातील धडा आणि पायांखालची माती यांची अशी गाठ पडली म्हणजे तो धडा जन्मभर विसरत नाही.

परंतु वरच्या वर्गांतील मुलांना पुढची नोंदही सांगावी. अवघ्या आठ वर्षांनी, जून १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार जिंकून घेतले, सुमारे सतरा लाखांचा खजिना स्वराज्यात आला आणि विक्रमशाहाला जव्हार सोडून मोगलांच्या मुलखात आश्रय घ्यावा लागला. शिरपेचाची आठवण लोकांनी जतन केली. दुसरी घटना माळावर दिसत नाही, ती ग्रंथांत आहे. दोन्ही सांगितल्याने शिवरायांची थोरवी उणी होत नाही आणि जव्हारचाही मान जात नाही. मोठ्या सत्तेच्या शेजारी लहान राज्य कसे टिकते, कधी स्नेहाने आणि कधी माघार घेऊन, हे मात्र मुलांना कळते. विक्रमशाहानंतरही जव्हारचे राज्य शतकानुशतके टिकले, आकाराने घटत गेले तरी टिकले, ही गोष्ट थोडी नव्हे.

आता वस्तू. जव्हारचा जयविलास राजवाडा गुलाबी छटेच्या दगडात बांधलेला असून भोवती झाडी आहे. ही खाजगी मालकीची वास्तू आहे. म्हणून परवानगी आधी घ्यावी आणि ती मिळेल तेवढ्याच मर्यादेत पाहावे. राजवाड्यापुढे मुले थक्क होऊन उभी राहतील. त्यांना थोडा वेळ तसेच राहू द्यावे. मग साधे प्रश्न विचारावेत. हा दगड कोठून आला असेल? कोणी फोडला, कोणी वाहिला, कोणी घडवला? आपल्या घराची कूड कारवीची आणि शेणामातीची, तर या भिंती दगडी, असे का? राजाचे नाव उरते आणि पाथरवटाचे उरत नाही, हे मुलांच्या ध्यानात आले तर वास्तू पाहण्याची दृष्टी आली असे समजावे. गावात फिरताना पाट्याही वाचावयास लावाव्यात. येथील कुटीर रुग्णालयाला पतंगशाहाचे नाव आहे. हे नाव मुकणे घराण्यातील राजांचे होय. नगरपालिकेची स्थापना १९१८ सालची, म्हणजे संस्थानी काळातील आहे. ज्या पाटीखालून मुले औषधासाठी गेली, ती पाटीही इतिहासच सांगत होती.

हनुमान पॉइंट आणि सनसेट पॉइंट येथे प्रवासी दरी पाहण्यास येतात, आणि जव्हारला हौसेने ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर म्हणत आले आहेत. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला तरी ते नाव लोकांच्या तोंडी राहिले. दरीच्या काठी भूगोलाचा पाठ घ्यावा. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस कोसळतो, दाभोसा धबधबा गर्जत खाली उडी घेतो. आणि तरीही उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर बायका हंडे घेऊन कोस कोस चालतात. असे का होते, हे येथेच दिसते. काळ्या कठीण खडकात पाणी फारसे मुरत नाही, आणि तीव्र उतारावरून ते झरझर निघून जाते. ज्याने ते अडवले त्याच्याकडे ते राहिले. जव्हार शहर जयसागर धरणाचे पाणी पिते. मोखाड्याच्या बाजूचे मध्य वैतरणा धरण मुंबईची तहान भागवते. आपल्या पाड्यावर पाणी का राहत नाही आणि ते राहावे म्हणून काय करता येईल, हा प्रश्न मुलांच्या तोंडून यावा. शिक्षकाने तो आधी उच्चारू नये.

सहलीच्या व्यवस्थेबद्दल थोडेसेच, परंतु आवर्जून सांगितले पाहिजे. अनेक शाळा सहल दिवाळीनंतर काढतात. या भागात दिवाळी सरली की पुष्कळ कुटुंबे मजुरीसाठी भिवंडी-वसईकडे, वीटभट्ट्यांवर जातात, आणि त्यांची मुलेही त्यांच्याबरोबर निघतात. म्हणजे ज्या मुलांना या दर्शनाची सर्वांत अधिक गरज, नेमकी तीच पटावर राहतात आणि सहलीस मुकतात. म्हणून पाऊस उघडल्यावर, दिवाळीच्या आत, भातकापणीच्या घाईतून एक दिवस काढून ही सहल उरकावी. अंतर थोडे असल्याने खर्च थोडा येतो, मुक्कामाची गरज पडत नाही आणि गरीब पालकावर भार पडत नाही. धबधब्याच्या डोहात आणि कड्याच्या काठावर मुलांना मुळीच जाऊ देऊ नये. त्या दिवसांत खडक शेवाळलेले असतात. एका दिवसात चारच ठिकाणे पाहावीत. दहा ठिकाणे पळत पाहिली तर एकही पाहिल्यासारखे होत नाही.

निघण्यापूर्वी दोन दिवस फळ्यावर जव्हारचा साधा नकाशा काढावा आणि प्रत्येक मुलाला एकेक प्रश्न वाटून द्यावा. परत आल्यावर मुलांनी जे पाहिले ते प्रथम आपल्या घरच्या बोलीत सांगावे. वारली किंवा ठाकरी बोलीत सांगताना जे शब्द सहज येतात ते प्रमाण भाषेच्या धाकाने आटतात. सांगून झाल्यावर मग तेच पुस्तकी मराठीत लिहावयास शिकवावे. चित्रे काढू द्यावीत. ज्या समाजातील जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रकलेचा २०११ साली पद्मश्री देऊन गौरव झाला, त्या वारली समाजातील मुलाला पांढऱ्या रेघांनी राजवाडा काढण्यास कोणी शिकवावे लागणार नाही.

जव्हार पाहून झाले म्हणजे काम संपले नाही. तेथून ते सुरू होते. कथा, नोंद आणि वस्तू हीच तीन सूत्रे घेऊन मुलांनी आपला पाडा पाहावा. पाड्याला हे नाव का पडले? वेशीवरचा वाघदेव कधीचा? मोखाड्याच्या बोहाड्यात जी सोंगे नाचतात, त्यांचे मुखवटे कोण घडवतो आणि ती विद्या त्याला कोणी दिली? दुध्या भोपळ्याचा तारपा कसा तयार होतो? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही क्रमिक पुस्तकात मिळणार नाहीत. ती जाणणारी माणसे म्हातारी होत चालली आहेत. शाळेने एक साधी वही ठेवावी आणि दर वर्षी मुलांनी त्यात चार-दोन पाने भरावीत. दहा वर्षांनी ती वही त्या गावाची पहिली बखर ठरेल आणि तिचे लेखक त्याच गावाची मुले असतील.

राजवाडे पाहून मुलांनी राजांचे गोडवे गावेत, एवढ्यासाठी हा खटाटोप नाही. या मुलखातील माणसांनी राज्ये चालवली, कालगणना सुरू केली, कथा रचल्या, कला जोपासल्या आणि संकटांत तग धरला, ही जाणीव घेऊन मूल शाळेच्या बाकावर परत यावे, यासाठी आहे. अशी जाणीव घेऊन बसलेले मूल मान वर करून बसते, आणि मान वर करून बसलेल्या मुलाला शिकवणे शिक्षकालाही सोपे जाते.