घरखरेदी आणि वकिलाची निवड



बेळगाव-निपाणी भागात घर घेणाऱ्याच्या हाती येणारी कागदपत्रे बहुधा एका भाषेतील नसतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे आजोबांचे वाटणीपत्र मराठीत, क्वचित मोडीतही, आणि आजचा उतारा कन्नडमध्ये, असा प्रकार आढळतो. म्हणून वकिलास प्रथम हेच विचारावे की, ही दोन्ही दप्तरे आपण स्वतः वाचता काय? मोडी येत नसल्यास जाणकाराकडून लिप्यंतर करून घेणारा चालेल. अंदाजाने सांगणारा नको.

दस्त नोंदला म्हणजे मालकी सिद्ध झाली, हा समज फार घातक आहे. दुय्यम निबंधक दस्त नोंदवितो; विकणाऱ्याचा हक्क खरा की खोटा, याचा निवाडा तो करीत नाही. तो शोध वकिलानेच घ्यावयाचा असतो. घरावर बोजा आहे काय, बहिणींचा वारसाहक्क डावलला गेला आहे काय (ही गोष्ट हटकून विसरली जाते!), जमीन रीतसर बिनशेती झाली आहे काय, हे त्याने तपासावे. विकणाऱ्याचाच वकील घेतल्यास खर्च वाचतो खरा. पण अडचणीची बाब आपणास कोण सांगणार? वकील आपला स्वतंत्र असावा, आणि विसार देण्यापूर्वी त्याचा लेखी अभिप्राय आपल्या हाती असावा.