लहान होडीस इंजिन कोणतें घ्यावें?



शहापूर-मुरबाडकडील मंडळींसमोर होडीच्या इंजिनाविषयीं बोलावयाचें म्हटलें कीं, प्रथम हंसूं येण्याचा संभव आहे. हा मुलूख सह्याद्रीच्या पायथ्याचा; समुद्राचा खारा वारा येथवर पोंचत नाहीं. वसई-अर्नाळ्याच्या कोळी बांधवांनीं या विषयाचा खल करावा, भात आणि नागली पिकविणारांस त्याचें काय, असें कोणी विचारील. परंतु गेल्या सव्वाशेंहून अधिक वर्षांत या तालुक्यांत माणसानें केवढें पाणी अडविलें आहे तें पाहा. तानसा १८९२ सालीं पुरा झाला. पुढें वैतरणेवर मोडकसागर आला, त्यानंतर भातसा आला, आणि मुरबाडच्या अंगास बारवीचें पाणी पसरलें. मुंबईस रोज जें पाणी लागतें त्याचा सुमारें निम्मा भाग आज एकटा भातसा पुरवितो.

पाणी चढलें तशा जुन्या पाऊलवाटा बुडाल्या. जेथून पूर्वी बाजारास पायीं जातां येत असे अशा कित्येक पाड्यांच्या आणि सडकेच्या मध्यें आतां तलाव आहे. वळसा घालून जावें तर अर्धा दिवस जातो. होडीनें जावें तर अर्धा तास. एरवीं वल्हीं पुरतात. पण जुलै महिन्यांत पश्चिमेचा वारा समोरून आला, आणि होडींत अडलेली बाळंतीण किंवा साप चावलेला मुलगा असला, म्हणजे वल्हें मारणाराचे हात किती वेळ टिकतील याचा हिशेब मांडावा लागतो. अशा वेळेसाठींच होडीच्या पाठीस अडकविण्याचें लहान इंजिन, ज्यास सर्वत्र आऊटबोर्ड म्हणतात, तें घेण्याचा विचार मच्छीमार सोसायट्या, ग्रामपंचायती आणि कांहीं खाजगी गृहस्थही करूं लागतात. आजचें बोलणें त्यांच्याकरितां आहे.

दुकानांत गेल्यावर दोन प्रश्न होतात : अश्वशक्ति किती हवी, आणि पैसे किती आणले आहेत? माझ्या मतें त्यापूर्वीं एक प्रश्न आहे. हें इंजिन वर्षांतून किती दिवस चालणार? किनाऱ्यावरील कोळ्याचें इंजिन हंगामांत बहुधा रोज पाण्यांत असतें, आणि महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हां तें विश्रांति घेतें. आपला क्रम नेमका उलटा. आपलें इंजिन जानेवारीपासून पडवींत गोणपाटाखालीं पडून राहणार, आणि भर पावसांत, रात्रीं, घाईनें त्याची दोरी ओढली जाणार. रोज चालणारें यंत्र आपले दोष रोज सांगतें; पडून राहिलेलें यंत्र ते एकदम, नको त्या वेळीं सांगतें. म्हणून सर्वांत वेगवान, किंवा सर्वांत स्वस्त, तें आपल्या कामाचें नव्हे. सहा महिने निजून दुसऱ्या-तिसऱ्या ओढीस जागें होईल तें आपलें.

तें जागें कां होत नाहीं, याचें कारण बहुतेक वेळां लोखंडांत नसून पेट्रोलांत असतें, आणि हल्लीं तर हें कारण अधिकच बळावलें आहे. आपल्या देशांत पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण वाढत वाढत २०२५ सालीं २० टक्क्यांपर्यंत पोंचलें. देशाच्या दृष्टीनें त्याचे लाभ कांहींही असोत. होडीवाल्यास एवढें ठाऊक पाहिजे कीं, इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें. पावसाळ्यांत अर्ध्या भरलेल्या टाकींत हें फार लवकर घडतें. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलें कीं, इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलापासून वेगळें होतें व तळाशीं बसतें. आणि इंजिनाची नळी तर तळांतूनच ओढते. शिवाय जुनें पेट्रोल सुकून कार्बुरेटरच्या केसाएवढ्या छिद्रांत राळेसारखा थर धरतें. मोटारसायकल रोज फिरते म्हणून तिला हा त्रास जाणवत नाहीं.

यावर दोन उपाय आहेत. पहिला खरेदीच्या वेळचा. आऊटबोर्डच्या बहुतेक परदेशी उत्पादकांनीं आपल्या पुस्तिकांत १० टक्के इथेनॉलपर्यंतच्याच पेट्रोलास मान्यता दिलेली असते. तेव्हां विक्रेत्यास विचारावें : हा नमुना २० टक्क्यांस चालतो काय? आणि उत्तर लेखी घ्यावें. तोंडानें “सर्व चालतें” म्हणणारा विक्रेता पुढें हमीच्या वेळीं पुस्तिकेंतील तेंच पान आपणांस दाखवील. दुसरा उपाय रोजचा. काम संपल्यावर इंधनाची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालूं द्यावें, म्हणजे कार्बुरेटर कोरडा होतो. महिन्या-दीड महिन्याहून जुनें पेट्रोल होडीसाठीं ठेवूंच नये, तें एखाद्या दुचाकींत ओतून संपवावें. नळींत पाणी वेगळें करणारी गाळणी बसवावी. इंजिनाच्या किंमतीपुढें तिचा खर्च अगदींच थोडा आहे.

आतां अश्वशक्तीकडे वळूं. येथें लोक हौसेनें फसतात. पांच अश्वशक्तीनें होडी ज्या वेगानें जाते त्याच्या दुप्पट वेग दहांनीं मिळेल, हा समज खरा नाहीं. पाणी कापीत जाणारी होडी स्वतःच एक लाट उठविते, आणि त्या लाटेच्या लांबीनें तिचा वेग बांधला जातो. सोळा फुटी होडीची ही मर्यादा तासास सुमारें दहा किलोमीटर. त्यापलीकडे ताकद वाढविली तर होडीची पाठ बसते, तोंड वर उठतें आणि पेट्रोल जळतें. अंतर मात्र तितक्याच वेळांत तुटतें. पाण्यावर उचलून धांवणाऱ्या सपाट तळाच्या हलक्या बोटी निराळ्या. आपल्या जड लांकडी किंवा फायबरच्या होडीस, पांच-सहा माणसें धरून, चार ते सहा अश्वशक्ति पुरतात.

लहान इंजिन घेण्याचें याहूनही सबळ कारण आपल्या तलावांच्या स्वभावांत आहे. भातसा पूर्ण भरतो तेव्हां पाण्याची पातळी १४२ मीटरवर असते, आणि उपसतां येईल अशी नीचतम पातळी १०५ मीटरच्या जवळपास. म्हणजे आश्विनांत ज्या झाडाखालीं होडी बांधली तेथून वैशाखांत पाणी कितीतरी खालीं, चिखलाच्या आणि भेगाळलेल्या उतारापलीकडे गेलेलें असतें. इंजिन रात्रीं होडीवर ठेवून चालत नाहीं. चोरीचें भय आहे. तें रोज खांद्यावरून न्यावें-आणावें लागणार. पांच-सहा अश्वशक्तीचें चार-फेरी, म्हणजे ज्याला फोर-स्ट्रोक म्हणतात तें, इंजिन सुमारें पंचवीस ते अठ्ठावीस किलो भरतें. एक धडधाकट माणूस तें नेतो. दहाचें चाळीस किलोंच्या आसपास, आणि पंधराचें पन्नासाच्या. त्यास दोघे लागतात, आणि दोघे नेहमींच घरीं असतात असें नाहीं. न्यावयास जड म्हणून घरीं राहिलेलें इंजिन कितीही उत्तम असलें तरी त्याचा उपयोग काय?

टू-स्ट्रोक घ्यावें कीं फोर-स्ट्रोक, हा वाद किनाऱ्यावर अद्यापि रंगतो. टू-स्ट्रोकचे गुण मान्य केले पाहिजेत. तें हलकें असतें, त्यांत हलणारे भाग कमी, आणि खेड्यांतील कारागिरास तें सहज उलगडतें. परंतु जुन्या धाटणीच्या टू-स्ट्रोकमध्यें पेट्रोलाचा जवळजवळ चौथा हिस्सा न जळतांच, तेलासकट, धुराबरोबर बाहेर पडतो, आणि या इंजिनांचा धूर पाण्यांतच सुटतो. आपलें पाणी लाखों लोकांच्या पिण्याचें आहे. त्यांत आपल्या पाड्याचीही घागर आलीच. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरील कॉन्स्टन्स सरोवर असेंच लाखोंस पाणी पाजतें. तेथें १९९३ पासून बोटींच्या इंजिनांच्या धुरावर कडक मर्यादा घालण्यांत आल्या. टू-स्ट्रोकविरुद्ध दुसरेंही कारण आहे. त्याचें वंगण पेट्रोलांतच मिसळलेलें असतें, आणि वर सांगितल्याप्रमाणें पाणी तळाशीं बसून तेंच आंत गेलें तर वंगणावांचून यंत्र घासून निघतें. मी फोर-स्ट्रोकच्याच बाजूचा आहें.

विजेवर चालणाऱ्या आऊटबोर्डचेंही हल्लीं बरेंच नांव निघतें. धूर नाहीं, तेल नाहीं, शिळें पेट्रोल नाहीं. ठरलेल्या पंधरा-वीस मिनिटांच्या फेरीस तें फार चांगलें. पण बॅटरी जड व महाग, ती नेहमीं भरलेली ठेवणें हें वेगळेंच काम, आणि पावसाळ्यांत आडगांवची वीज दोन-दोन दिवस जाते तेव्हां नेमकी तीच रिकामी सांपडावयाची. जेथें वीज भरंवशाची असेल त्यांनीं त्याचा अवश्य विचार करावा.

बनावट कोणती घ्यावी, हें मी मुद्दामच सांगत नाहीं. ओले एव्हिनरूड नांवाच्या नॉर्वेंत जन्मलेल्या कारागिरानें अमेरिकेंत १९०९ सालीं आऊटबोर्ड इंजिनें विक्रीस आणलीं. वाग्दत्त वधूसाठीं तळ्यापलीकडून आणलेलें आईस्क्रीम वल्हीं मारतां मारतां वितळलें, म्हणून त्यास ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी असो, गोड आहे. त्याच्या नांवाचीं इंजिनें शंभरांहून अधिक वर्षें जगभर गाजलीं, आणि २०२० सालीं तीं तयार होणें बंद झालें. तेव्हां नांवापेक्षां हें पाहावें कीं, त्या इंजिनाचा प्लग, पाणी ओढणाऱ्या पंपाचें रबरी चक्र, पंख्याची पिन आणि दोरी ओढण्याची स्प्रिंग, या चार वस्तु भिवंडी, वसई किंवा मुंबई यांपैकीं कोठें मिळतात, आणि किती दिवसांत. शहापूरच्या वा मुरबाडच्या बाजारांतील मोटारसायकल दुरुस्त करणारा कारागीर कार्बुरेटर डोळे मिटून साफ करील. संगणक लावून दोष शोधावा लागतो तें इंजिन त्याच्यापुढें मुकें. म्हणून हातानें ओढण्याचें, कार्बुरेटरचें, एका किंवा दोन सिलिंडरांचें इंजिन घ्यावें. खरेदीपूर्वी त्या कारागिरास बरोबर न्यावें, त्याची एक दिवसाची मजुरी द्यावी.

होडीची पाठही मोजून न्यावी. पोकळ ओंडक्याच्या निमुळत्या होडीस इंजिन अडकविण्याजोगी फळीच नसते. तिला तें लावूं नये. जेथें सपाट फळी आहे तेथें तिची उंची पंधरा इंचांच्या आसपास असेल तर आंखूड दांड्याचें, वीस असेल तर लांब दांड्याचें इंजिन लागतें. पंख्यावरील आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेंत किंवा किंचित खालीं आली पाहिजे. वर राहिली तर पंखा हवा ओढून नुसताच फिरतो. फार खालीं गेली तर पंखा बुंध्यांवर आदळतो. आणि बुंधे आपल्याकडे पुष्कळ आहेत, कारण हे तलाव म्हणजे बुडालेलें रान आणि बुडालेलीं शेतें. बारवीची उंची वाढविली तेव्हां आणखी झाडोरा पाण्याखालीं गेला. लहान इंजिनांच्या पंख्यांत पुष्कळदां एक मऊ धातूची पिन असते. आघात झाला कीं ती तुटते आणि आंतील दांते वांचतात. ती तुटली म्हणून तिच्या जागीं खिळा ठोकणारे हुशार लोक पुढें अख्खी दांत्यांची पेटी बदलून घेतात. अशा दोन पिना व एक पकड होडींतच बांधून ठेवाव्या.

जुनें इंजिन मिळत असेल तर तें थंड असतांना सुरू करून दाखवावयास सांगावें. आधींच तापवून ठेवलें असेल तर परत यावें व दुसऱ्या दिवशीं न कळवितां जावें. चालू असतांना बाजूनें पाण्याची बारीक धार जोरानें सुटली पाहिजे. ती नसेल तर थंड करणारा पंप गेला. खालच्या पेटींतील तेल काढून पाहावें. तें दुधासारखें दिसलें तर आंत पाणी शिरलें आहे.

परवानगीचा विषय थोडक्यांत सांगतों. तानसा मुंबई महानगरपालिकेचा, भातसा राज्याच्या जलसंपदा विभागाचा, बारवी औद्योगिक विकास महामंडळाची; आणि तानसाभोंवतीं अभयारण्य असल्यानें वनविभागही आहेच. इंजिन लावण्यापूर्वीं त्या त्या खात्यास लेखी विचारावें. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागीं २०२१ सालीं अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला आहे, आणि यंत्रानें चालणाऱ्या नौकेची नोंदणी त्याप्रमाणें करावी लागते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. तलाव निराळा आणि पुरांतील नदी निराळी. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरांत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, आणि हजाराच्यावर उतारूंची सुटका राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलानें व नौदलानें केली. त्यांच्याजवळ रबरी बोटी होत्या, आणि शिकलेलीं माणसें होतीं. काळू किंवा भातसा चढते तेव्हां प्रवाह सेकंदास तीन मीटर वाहूं लागला तरी तो तासास जवळजवळ अकरा किलोमीटर झाला, म्हणजे आपल्या होडीच्या सर्व वेगाहून अधिक. पांच अश्वशक्तीची होडी अशा पाण्यांत नाक वर करून मागें मागेंच जाईल. धरणाचे दरवाजे उघडे असतां भिंतीच्या अलीकडे वा पलीकडे फिरकूं नये.

खरेदी दिवाळीनंतर करावी, म्हणजे बिघाड निघाल्यास हमीच्या मुदतींत, कोरड्या ऋतूंत निघतो. मग मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत ताजें पेट्रोल, नवा प्लग आणि पंपाचें नवें रबरी चक्र घालून इंजिन अर्धा तास पाण्यांत चालवावें. जूनपासून दर आठ दिवसांनीं, काम असो वा नसो, एकदां दोरी ओढावी; आणि तें काम घरांतील ज्या दोन-तीन माणसांना रात्रीं तें ओढावें लागेल त्यांनीं पाळीपाळीनें करावें. होडींत माणशीं एक तरंगणारें जाकीट, पाणी उपसण्यास डबा, लांब दोर आणि जुनीं वल्हीं तशींच राहूं द्यावीं.